पंधरा तालुक्यांची खोली

"ताप आहे का?" असं विचारायचं, आणि "आहे" असं उत्तर आलं की खूश व्हायचं. असा माणूस तुमच्या पाहण्यात आलाय का? माझ्या आलाय. नोकरीची पहिली सगळी वर्षं मी रोज सकाळी त्यांच्या या प्रश्नाला उत्तर देत होते.

आमचे सर ऑफिसात आले की पिशवी खाली ठेवायच्या आधी कॉम्प्युटरांच्या रांगेपाशी जायचे. उजव्या हाताची उलटी बाजू एकेका डब्याला लावायचे, आई पोराच्या कपाळाला लावते तशी. क्षणभर थांबायचे. "ताप आहे," म्हणायचे, "म्हणजे पोरं कामाला आहेत." एखादा डबा गार लागला की चेहरा उतरायचा. "देवळा, बघ गं, कोण झोपलंय ते!"

देवळा म्हणजे मी. मुलाखतीच्या दिवशी त्यांनी आधी माझं नाव विचारलं, मग गाव. गाव लक्षात राहिलं, नाव राहिलं नाही. पहिल्या महिन्यात मी दोनदा सांगून पाहिलं, की सर, मला नाव आहे. ते म्हणाले, "असेल की. पण त्या नावाच्या नाशकात ढीगभर पोरी सापडतील. देवळ्याहून इंजिनिअर होऊन माझ्या दारात आलेली तू एकटीच." मी देवळा झाले ती झालेच.

आमचं काम काय होतं ते आधी सांगते, कारण माझ्या घरच्यांनाही ते कधी नीट कळलं नाही. एखादा भाग कारखान्यात ओतायच्या किंवा कापायच्या आधी आम्ही तो कॉम्प्युटरमध्ये बनवायचो. त्यावर वजन टाकायचो, तापवायचो, हलवायचो आणि कुठे तडा जाईल ते बघायचो. सर म्हणायचे, "लोखंड न तोडता लोखंड तोडायचं." ऐकायला गंमत वाटते, पण त्यासाठी त्या भागाचे लाखो बारीक तुकडे पाडावे लागतात आणि प्रत्येक तुकड्याचं गणित शेजारच्या तुकड्याशी जुळवावं लागतं. एकट्यादुकट्या कॉम्प्युटरला ते आठवडाभर पुरतं.

नव्वदच्या दशकात सर सातपूरच्या एका मोठ्या कारखान्यात डिझाइनचे प्रमुख होते. एवढं गणित पेलेल असं मशीन तेव्हा नाशकात नव्हतं, मुंबईच्या एका संस्थेत होतं. सर गणिताची माहिती भरलेली टेप घेऊन पहाटेच्या एसटीने कसारा घाट उतरायचे आणि तिथल्या बाकावर बसून पाळीची वाट बघायचे. मशीन काचेच्या भिंतीपलीकडे, थंडगार खोलीत. टेप खिडकीतून द्यायची, "दोन दिवसांनी या" हे ऐकायचं आणि परत घाट चढायचा. "एकदा म्हटलं, अहो, आत येऊन नुसता हात लावू द्या," सर सांगायचे, "तर तो खिडकीतला माणूस म्हणाला, गाभाऱ्यासमोर उभं राहून असंच विचारता का?"

ही गोष्ट ते प्रत्येक नव्या माणसाला सांगायचे. आम्ही हसायचो, तेही हसायचे. पण तो अपमान त्यांच्या मनात घर करून बसला होता. नोकरी लवकर सोडून त्यांनी अंबडला गाळा घेतला तो याच हट्टापायी. नाशकाचं स्वतःचं मशीन असलं पाहिजे. कुणीही यावं, चहा प्यावा, आपलं काम सांगावं आणि वाटलं तर मशीनला हातही लावावा.

मोठं मशीन विकत घेणं तर शक्यच नव्हतं. पण त्या काळात नाशकात गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लास निघाले होते आणि निघाले तितक्याच वेगाने बंद पडत होते. सर एकेका बंद पडलेल्या क्लासात जाऊन तिथले डबे उचलून आणायचे आणि एकमेकांना जोडायचे. असे पंधरा झाले तेव्हा ते थांबले. जिल्ह्यात तालुके पंधरा, म्हणून डबे पंधरा. सोळावा चांगला मिळत होता, तो घेतला नाही. "मालेगाव वेगळा जिल्हा झाला की बघू," म्हणाले.

प्रत्येक डब्याला एकेका तालुक्याचं नाव. नाशिक सगळ्यांचा मुकादम, त्याच्या हाताखाली निफाड, सिन्नर, येवला, चांदवड, कळवण, पेठ, सुरगाणा आणि बाकीचे. डब्यांवर चिठ्ठ्या चिकटत नसत, उष्णतेने सुटून पडत. म्हणून सर मागच्या भिंतीवर रंगाने नाव लिहायचे आणि त्या नावाखाली तो डबा. देवळा नावाचा डबा सगळ्यांत संथ होता. "देवळा मागे पडलंय," असं सर ओरडले की मी विचारायचे, "मशीन की मी?" ते म्हणायचे, "सध्या दोघंही."

अंबडमध्येच सलीमभाईंचं ओतकाम होतं. बोलणं रोखठोक, कॉम्प्युटरवर काडीचा विश्वास नाही. त्यांचा ट्रॅक्टरचा एक ब्रॅकेट एकाच जागी वारंवार तडकत होता, म्हणून नाइलाजाने आले होते. सरांनी त्यांना भिंतीपाशी नेलं.

"सलीमभाई, तुमचा ब्रॅकेट आम्ही पंधरा तुकड्यांत वाटला. एकेक तुकडा एकेका तालुक्याला. पण सिन्नरला आपलं गणित सोडवायचं तर बांधावरच्या इगतपुरीला विचारावं लागतं, बाबा, तुझ्याकडून किती जोर येतोय? त्यानं सांगितल्याशिवाय याचं पाऊल पुढे पडत नाही. आणि एक तालुका रुसला की बाकीचे चौदा नुसते बसून राहतात."

"क्या बात है साहेब," सलीमभाई म्हणाले, "म्हणजे आपल्या असोसिएशनच्या मीटिंगसारखंच की!"

"फरक एवढाच, की इथे शेवटी उत्तर निघतं."

सलीमभाई जे हसले, ते आमचे कायमचे गिऱ्हाईक झाले. नंतर तर ते कामाशिवायही यायचे. आल्यावर सरांसारखाच हात डब्याला लावायचे आणि "बुखार है, बुखार है," म्हणत चहा मागायचे.

अडचण उन्हाळ्याची होती. पंधरा डबे चालू म्हणजे खोलीत पंधरा शेगड्या पेटलेल्या. वर पत्रा. त्यात भारनियमन. वीज गेली की तीन दिवसांचं गणित पाण्यात, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. त्या सगळ्यातून सुटका झाली ती तात्यांमुळे.

तात्या म्हसरूळच्या पुढचे द्राक्षबागायतदार. बागेशेजारी त्यांचं छोटंसं कोल्ड स्टोरेज होतं. त्यांचे प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचले की खालचे बसायचे आणि द्राक्षांचा चेंदा व्हायचा. सरांनी गणित करून क्रेटच्या कोपऱ्याला एक पन्हळ वाढवायला सांगितली आणि क्रेट बसायचे थांबले. तात्या आभार मानायला म्हणून गाळ्यात आले, तर सर बनियनवर पंख्यासमोर आणि पंखा कॉम्प्युटरांकडे तोंड करून.

"हे काय हो साहेब? वारा यांना आन् घाम तुम्हाला?"

"यांना ताप चढला तर चालतो, पण फार चढून चालत नाही, तात्या."

"मंग माझ्याकडं आणा की. खोली एप्रिलनंतर रिकामीच ऱ्हाती. जनरेटर हाय. द्राक्षांना झीरोवर ठेवावं लागतंय. यांना किती लागंल?"

"वीस खूप झालं."

"आसं व्हय! लय लाडाची नायीत म्हणायची."

तेव्हापासून दरवर्षी मे महिन्यात आमचा जिल्हा टेंपोत बसायचा. दोन गाद्या खाली, एक वर, मध्ये पंधरा तालुके, आणि सर ड्रायव्हरशेजारी मागे मान वळवून. जानेवारीत द्राक्षं यायला लागली की तोच टेंपो उलटा अंबडला. त्या खोलीच्या भिंतीवरही सरांनी तालुक्यांची नावं रंगवली. तात्यांनी रंग स्वतः आणून दिला, द्राक्षाच्या हिरव्या रंगाचा.

खोलीत गारठा असायचा म्हणून सर मे महिन्यातही हातात स्वेटर घेऊन फिरायचे. पंचवटीच्या भाजीबाजारात भर उन्हात स्वेटर काखोटीला मारून गवार निवडणारा माणूस म्हणजे आमचे सर. एका भाजीवालीने त्यांना फार काळजीने विचारलं, "काका, हिवताप हाय का?" सर म्हणाले, "मला नाही, पोरांना आहे." तिने बिचारीने मूठभर गवार जास्त टाकली. हे सांगताना त्यांना इतकं हसू यायचं की डोळे पुसावे लागायचे.

घरी ते एकटेच होते. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली होती. एकुलती एक मुलगी, अनघा, बंगळुरात कॉम्प्युटरच्याच कंपनीत होती. रविवारी तिचा फोन यायचा आणि शेवट ठरलेला असायचा. बाबा, इकडे राहायला या. सरांचं उत्तरही ठरलेलं. "येतो गं, पण मग तालुके कोण बघणार?"

तुम्हाला वाटेल, हे म्हाताऱ्या माणसाचं निमित्त. निमित्तच होतं, पण खरं निमित्त होतं. सर बंगळुरात जाऊन काय करणार होते? इथे अंबड-सातपूरच्या निम्म्या शेडमध्ये त्यांना खुर्ची पुढे केली जायची. पंपवाला, पॅनेलवाला, क्रेटवाला, ओतकामवाला, प्रत्येकाच्या धंद्यातलं दुखणं त्यांना ठाऊक होतं. ते डबे होते म्हणून लोक येत होते, आणि लोक येत होते म्हणून सर नाशकात होते. हे त्यांना पक्कं माहीत होतं, आणि आम्हालाही.

एकदा ते माझ्या घरी आले, देवळ्याला. आमच्याकडे कांदे साठवायची चाळ आहे. वडील बोलता बोलता उठले आणि सवयीने कांद्याच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला. सर टक लावून बघत राहिले.

"काय बघताय?" सरांनी विचारलं.

"गरम शे का थंड, हातले समजस," वडील म्हणाले. "गरम लागना का समजानं, आत सडना."

"आमचं उलटं आहे," सर म्हणाले. "गरम लागलं की जिवंत, गार लागलं की गेलं."

मग दोघंही चाळीत हात घालून बसले. चाळीत हवा खालून शिरली तर कुठवर पोचते, मधला ढीग का तापतो, याचं गणित करायचंच असं सरांनी तिथेच ठरवलं. त्यासाठी त्यांनी पंधराही तालुके आठवडाभर जुंपले. वडिलांनी चाळीचा तळ त्या उत्तराप्रमाणे हातभर उंच केला, आणि पुढच्या वर्षी सरांकडे कांद्याचं पोतं पोचवलं. सर महिनाभर जो भेटेल त्याला कांदे वाटत होते.

आता ज्या चुकीने सगळं बदललं ती सांगते. ती चूक नाशिकबाहेरच्या माणसाच्या हातून झालीच नसती.

त्या वर्षी उन्हाळा कडक होता आणि भारनियमन त्याहून कडक. सलीमभाईंचा नवा ब्रॅकेट, आधीच्यापेक्षा चौपट मोठा आणि तसाच तडकणारा, आमच्याकडे आला होता. त्यांचं मोठं गिऱ्हाईक महिनाअखेरीला उत्तर बघायला येणार होतं. म्हणून आम्ही हंगाम संपता संपताच, खोली रिकामी झाली न झाली तोच, तालुके तिथे हलवले. कोपऱ्यात काही उरलेल्या पेट्या होत्या आणि गंधकाच्या पॅडचे फुटलेले गठ्ठे. हे पॅड म्हणजे कागदच, द्राक्षाच्या पेटीत वरून घालतात. त्यातून हळूहळू गंधकाचा वायू सुटतो आणि द्राक्षांना बुरशी लागत नाही. खोलीत काडी पेटवल्यासारखा वास होता.

"हंगामाचा वास आहे," सर छाती भरून म्हणाले. "मला आवडतो."

आम्हाला सगळ्यांनाच आवडायचा. नाशकात त्या दिवसांत सगळीकडे तोच वास असतो, त्यात वावगं काय वाटणार?

आधी सुरगाणा बंद पडलं. मग पेठ. मग एकाच दिवशी कळवण आणि बागलाण. मी वायरी बदलल्या, डबे हलवले, पुन्हा चालू केले. तास-दोन तास चालायचे आणि मान टाकायचे. सर गार डब्यांवर हात ठेवून उभे राहायचे. "पश्चिमेकडून पडत चाललेत," म्हणायचे, जणू साथ आली होती. निफाड गेलं त्या दिवशी त्यांनी डबा उघडला, आतलं कार्ड ओढून काढलं आणि दारात उजेडाला धरलं. कडेची पिवळी झळाळी पार काळी पडली होती.

ते कार्ड नाकाशी नेऊन त्यांनी हुंगलं. मग कोपऱ्यातल्या गठ्ठ्यांकडे पाहिलं. आणि जमिनीवर बसून मोठ्याने हसायला लागले.

"देवळा, मी तीस वर्षं लोकांना गंज कसा लागतो ते शिकवलं गं! आणि माझा अख्खा जिल्हा गंधकाच्या खोलीत नेऊन कोंडला!"

मी हसू शकले नाही. मला रडू येत होतं, आणि त्यांचं हसणं बघून जास्तच येत होतं. तात्या धावत आले, कपाळावर हात मारून घेतला. "माझंच चुकलं साहेब, गठ्ठे उचलाया सांगायचं ऱ्हायलं." सरांनी त्यांना शेजारी बसवून घेतलं. "तुमचं काही नाही हो. तुमच्या द्राक्षांना ज्यानं राखलं, त्यानं आमचे तालुके खाल्ले. दोष द्यायचा तर माझ्या नाकाला द्या."

पंधरापैकी नाशिक आणि देवळा तेवढे उरले. दोन तालुक्यांवर सलीमभाईंचा ब्रॅकेट सुटणं शक्य नव्हतं.

रविवारी अनघाचा फोन आला तेव्हा सरांनी तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आता कॉम्प्युटर भाड्याने मिळतात. तासावर. इंटरनेटवरून मॉडेल पाठवायचं, गणित तिकडे होतं, उत्तर इकडे येतं. पंधरा कशाला, शंभर घ्या."

मला वाटलं, सर नाही म्हणतील. पण त्या माणसाला नव्याचं भलतंच वेड. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते गाळ्यात माझी वाट बघत होते. ब्रॉडबँड नुकतंच आलेलं होतं. अनघा फोनवर सांगत गेली, मी टाइप करत गेले. सलीमभाई पाठीशी उभे.

"माझा ब्रॅकेट विलायतेला जाणार? पासपोर्ट तर नाही ना लागणार?"

"तुम्हाला लागेल," सर म्हणाले, "ब्रॅकेटला नाही."

मॉडेल जायलाच सकाळ गेली. ते पोचल्याचं दिसल्यावर सरांनी जेवणाचा डबा उघडला. आमच्या तालुक्यांना पाच-सहा दिवस लागले असते असं ते गणित. सरांची दुसरी पोळी अर्धी व्हायच्या आत उत्तर तयार होतं. पडद्यावर ब्रॅकेट उमटला, आतल्या एका कोपऱ्यात लालभडक. सलीमभाई ओरडले, "अरे, तिथेच! तिथेच तडकतो तो!" त्या कोपऱ्याची गोलाई वाढवायची हे तिथल्या तिथे ठरलं. महिनाअखेरीला गिऱ्हाईक खूश होऊन गेलं.

पण मी सांगतेय ते त्या दुपारचं. सलीमभाई मिठाई आणायला पळाले आणि सर हात न धुता उठले. टेबलावरच्या मोडेमपाशी गेले. हाताची उलटी बाजू त्याला लावली.

"हा तर गार आहे गं."

"सर, तो नुसता दरवाजा आहे. काम तिकडे झालं."

"तिकडे म्हणजे कुठे?"

"माहीत नाही."

"कुणाला माहीत असेल?"

सरांनी परत येऊन डब्याला झाकण लावलं. अर्धी पोळी तशीच होती. तेवढ्यात सलीमभाई पेढे घेऊन आले आणि सरांनी पेढा खाल्ला, हसले, "लय भारी" असं मुद्दाम तात्यांच्या थाटात म्हणाले. पण मी त्यांना बघत होते. हवं होतं ते मिळालं होतं, काचेची भिंत गेली होती, एसटी गेली होती, घाट गेला होता. आणि त्याचबरोबर तालुके कोण बघणार, हा प्रश्नही गेला होता.

पुढचे काही महिने धंदा जोरात चालला. भाड्याच्या मशीनांनाही सरांनी नावं ठेवून पाहिली. या वेळी गावांची, म्हणजे संख्या कमी पडू नये. पण गणित संपलं की ती मशीनं नाहीशी व्हायची, पुढच्या वेळी दुसरीच यायची. "नाव ठेवून घ्यायलाही थांबत नाहीत गं," ते म्हणाले आणि तो नाद सोडून दिला. सकाळी यायचे, पिशवी ठेवायचे आणि सरळ खुर्चीत बसायचे.

दिवाळीत अनघा आली. कडेवर पाच-सहा महिन्यांची मुलगी. नवरा कंपनीच्या कामावर परदेशी, तिची बाळंतपणाची रजा संपलेली. ती गाळ्यात येऊन बसली तेव्हा मी चहा करत होते, म्हणून ऐकलं. चोरून नव्हे, गाळा केवढासा होता?

"बाबा, तालुक्यांना तुम्ही लागत होतात, तेव्हा मी कधी हट्ट केला का? दर रविवारी विचारलं आणि दर रविवारी सोडून दिलं. आता मला लागता."

सरांनी हात पुढे करून उलटी बाजू नातीच्या कपाळाला लावली.

"ताप नाही," ते म्हणाले.

"बाळांना नसलेलाच बरा असतो, बाबा," अनघा म्हणाली, आणि दोघंही हसले. मला तेव्हाच कळलं, की सर जाणार.

मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. अनघाचा नाही, तिचं काय चुकलं? त्या गार मोडेमचा आला. काम कुठूनही होतं म्हणजे माणसाने कुठेही राहिलेलं चालतं, असं कुणी ठरवलं? पण हे बोलायचं कुणाला? ऑफिस सरांनी माझ्या हाती दिलं. निघायच्या दिवशी सलीमभाई आले, तात्या मनुकांचा डबा घेऊन आले. सरांनी स्वेटर काखोटीला मारलेला होता. "तिकडे थंडी असते म्हणे, उपयोगी पडेल." रिक्षात बसताना त्यांनी मला विचारलं, "देवळा, तुझं नाव काय गं?" मी सांगितलं. "छान आहे," म्हणाले. आणि रिक्षा सुरू झाल्यावर मागे वळून ओरडले, "देवळा, सांभाळ गं!"

बंगळुरातून त्यांचा रोज फोन यायचा. दुपारी एकच्या सुमाराला, नातीला झोपवून. पहिला प्रश्न तोच. "ताप आहे का?" म्हणजे काही गणित चालू आहे का. मी कामं सांगायचे, ते तिकडून बघायचे, चुका काढायचे. "उंटावरून शेळ्या हाकतोय," म्हणायचे. "पण शेळ्या गुणी आहेत." मग सलीमभाईंची चौकशी, तात्यांच्या बागेची, देवळ्याच्या चाळीची. फोन ठेवायचं त्यांच्या जिवावर यायचं. असं दोन-अडीच वर्षं चाललं.

एक दिवस फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अनघाचा आला. सर झोपेतच गेले होते. मला बंगळुराला पोचता आलं नाही. त्या दिवशी गाळ्याचं शटर उघडून मी नुसती बसून राहिले, आणि सलीमभाई समोर बसून राहिले. चहा मागितला नाही.

पुढच्या फेब्रुवारीत तात्यांनी नवे क्रेट दाखवायला बोलावलं. सर गेल्यापासून मी त्या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं. हंगाम भरात होता, बागेतून पेट्या येत होत्या, बायका-माणसं दारात ये-जा करत होती. आतला मुकादम आवाज देत होता.

"ह्या धा पेट्या येवल्यात! त्या निफाडात नको, निफाड भरलं. पुढच्या कळवणात लाव!"

मी तात्यांकडे बघितलं.

"दरसाल चुना मारतो," तात्या म्हणाले, "पण तेवढी पट्टी सोडाया सांगतो. साहेबांचा जिल्हा हाय त्यो. आता पोरांना जागा सांगाया तीच नावं बरी पडत्यात. त्यातल्या निम्म्यांना साहेब ठाऊक बी नायीत."

भिंतीवर हिरव्या रंगातले पंधरा तालुके होते तसे होते. मी आत गेले. देवळ्याखाली नुकत्याच आणून ठेवलेल्या पेट्या होत्या. मी हाताची उलटी बाजू वरच्या पेटीला लावली. उन्हातून तोडून आणलेला माल, बागेची ऊब अजून उतरली नव्हती.

एक वाजत आला होता. मी मोबाईल काढला, "सर" या नावापर्यंत बोट गेलं, आणि मग आठवलं.

"मॅडम, सरका, दार लावायचंय," मुकादम म्हणाला.

मी बाहेर आले. दार लागलं. ताप होता, सर. देवळ्याला चांगला ताप होता.